घर मिळाल्यानंतरचा विनोद

मराठी सिनेमाने जागेच्या अडचणीवर जेवढं हसवलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याही अडचणीवर हसवलेलं नाही. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला. नवं लग्न झालेलं जोडपं, माणसांनी भरलेली चाळीतली खोली आणि दोघांना एकमेकांशी बोलायलासुद्धा न मिळणारा आडोसा, एवढ्याच भांडवलावर तो उभा होता. ते इतकं पुरेसं होतं की बासू चटर्जींनी १९७२ साली त्याचा ‘पिया का घर’ केला. पुढे १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये पुण्यात बिऱ्हाड मिळावं म्हणून दोन धडधाकट तरुण साड्या नेसून बायका झाले. आजही त्यातला धनंजय माने म्हटलं की घरातली तिसरी पिढी हसते. समीर विद्वांस यांच्या ‘डबल सीट’मध्ये, म्हणजे २०१५ साली, अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे यांचं जोडपं त्याच चाळीतल्या खोलीत, त्याच आडोशाच्या शोधात, स्वतःच्या घराचं स्वप्न बघत होतं. पंचेचाळीस वर्षांत काळ बदलला, पंखा जाऊन कूलर आला, पण गोष्ट दाराबाहेरच अडकून राहिली.

प्रत्यक्षात ती माणसं कधीच दाराच्या आत गेली आहेत. त्यांना घरं मिळाली. ती कुठे मिळाली हे बघायचं असेल तर वसई स्टेशनच्या पूर्वेला उतरून गोखिवऱ्याकडे यावं. परळची, लालबागची, गिरगावची खोली विकून किंवा भावाला देऊन, वर कर्ज काढून ‘वन बीएचके’ घेतलेली माणसं इथे इमारतीमागून इमारतीत भरलेली आहेत. एका बाजूला औद्योगिक गाळे, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर आणि मधे सोसायट्या. मूळचं गाव त्यांच्यामध्ये शोधावं लागतं. १९९० साली या पट्ट्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं, त्याच्या आगेमागे ‘हरित वसई’साठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन उभं केलं, २००९ साली महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. आमचा विनोदी सिनेमा मात्र अजून चाळीच्या जिन्यावर उभा आहे, नाहीतर गावच्या पारावर. घर मिळाल्यानंतर माणसाचं काय होतं, हे त्याने फारसं विचारलेलंच नाही.

स्वीडिश सिनेमाने मात्र हे विचारलं, आणि गेल्या चाळीसएक वर्षांत जवळजवळ दुसरं काही विचारलं नाही असं मी म्हणेन. त्यामागे एक सरळ कारण आहे. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत स्वीडनच्या सरकारने दहा लाख घरं बांधायची योजना आखली आणि ती जवळपास पुरी केली. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या घरात होती. देश म्हणजे सगळ्यांचं एक घर, ही कल्पना त्यांच्या राजकारणात पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ सालच्या भाषणातच मांडली होती. ती विटा-सिमेंटमध्ये उतरायला हे दशक उजाडावं लागलं. (स्टॉकहोममध्ये भाड्याच्या घरासाठी आज पुन्हा वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं, तो भाग वेगळा.) घर, दवाखाना, शाळा, पेन्शन हे सगळं मिळालेला माणूस एकटा का पडतो, शेजाऱ्याशी का भांडतो, मरायला का निघतो, हा मग विनोदी सिनेमाचा विषय झाला. लुकास मूडिसनचा ‘टुगेदर’ हा २००० सालचा सिनेमा १९७५ सालच्या स्टॉकहोममधल्या एका सामाईक घरात घडतो. समतेच्या गप्पा मारणारी, एका छपराखाली राहणारी ही माणसं भांडी कोणी घासायची यावरून भांडतात. रुबेन ओस्टलुंडच्या ‘फोर्स मॅज्योर’मध्ये (२०१४) सुखवस्तू बाप हिमकडा कोसळताना बायको-मुलांना सोडून आपला फोन उचलून पळतो, आणि बाकीचा सगळा सिनेमा त्या काही सेकंदांचा हिशेब मागत राहतो.

पण गोखिवऱ्याच्या माणसाला सगळ्यात जवळचा वाटेल तो हानेस होल्मचा ‘अ मॅन कॉल्ड ओव्हे’. फ्रेड्रिक बाकमानच्या २०१२ सालच्या कादंबरीवर तो २०१५ साली आला, ऑस्करच्या दोन नामांकनांपर्यंत गेला आणि पुढे टॉम हँक्सला घेऊन त्याची अमेरिकन आवृत्तीही निघाली. ओव्हे एकोणसाठ वर्षांचा विधुर आहे. बायको गेली, नोकरी गेली, त्याला मरायचंय. पण त्याआधी रोज सकाळी तो वसाहतीची फेरी मारतो. फाटक नीट लागलंय का, गाडी मनाईच्या जागी कोणी लावली आहे का, ओल्या-सुक्या कचऱ्याची सरमिसळ कोणी केली आहे का. एकेकाळी तो रहिवासी संघाचा अध्यक्ष होता आणि ज्याने त्याला त्या खुर्चीवरून खाली ओढलं तो त्याचा जुना जिवलग दोस्त. दोघांचं फाटण्यामागे आणखी एक थोर कारण आहे: एकाची गाडी साब, दुसऱ्याची व्होल्वो. ओव्हे गळफास घ्यायला स्टुलावर चढतो आणि खिडकीतून त्याला दिसतं की समोर नवीन आलेलं कुटुंब गाडी मागे घेताना नियम मोडतंय. मरण बाजूला ठेवून तो खाली जातो.

हा माणूस आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत आहे. निवृत्त, खिशाला पेन, हातात वही, पंपाच्या वेळा तोंडपाठ. तो सेक्रेटरी असतो किंवा सेक्रेटरीचा माजी मित्र असतो. त्याच्या नोटिशीत ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असते आणि शेवटी कोणाचंही नाव न घेता तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचा पाणउतारा असतो. त्याची बायको कशी गेली, मुलगा कॅनडाहून किती वर्षांत आला नाही, हे कोणी विचारत नाही. तो गच्चीच्या टाकीचं झाकण बघायला रोज का जातो, हेही नाही. रोल्फ लासगोर्डने ओव्हे साकारताना हसवण्याचा एकही प्रयत्न केलेला नाही. तो फक्त चिडलेला आहे. आपल्याला हसू येतं ते त्याच्या चिडण्यातल्या नेमकेपणाचं, आणि रडू येतं तेही त्याच नेमकेपणाचं, कारण ती फेरी थांबली तर या माणसाकडे दिवसभरात करायला काहीच उरत नाही.

आमच्या सोसायटीच्या एका वार्षिक सर्वसाधारण सभेचा प्रसंग सांगतो. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते म्हणून ती पितृपक्षात होती. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांनिशी पुन्हा सुरू झाली. उपविधीत तशी सोय आहे. पहिला विषय, वर्षभरात निधन पावलेल्या सभासदांना श्रद्धांजली. सगळे उभे राहिले. मान खाली. गच्चीवरून पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि चार-पाच डोकी एकदम वर झाली, कारण ती पाण्याची वेळ नव्हती. मिनिट संपलं. बसता बसता कोणीतरी विचारलं, गेलेल्या काकांची अकरा महिन्यांची थकबाकी आता कोणाकडून वसूल करायची? नॉमिनेशन झालं होतं का? काकांचा मुलगा शेवटच्या रांगेत बसला होता. तो उठला, म्हणाला, “भरतो ना,” आणि परत बसला. त्या खोलीत कोणी दुष्ट नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्यानेच पहाटे चार वाजता काकांना दवाखान्यात नेलं होतं. मला हा प्रसंग विनोदी म्हणावा की दुःखद म्हणावा हे अजून ठरवता आलेलं नाही, आणि ज्या प्रसंगाबद्दल हे ठरत नाही तोच या जातीच्या सिनेमाचा खरा प्रसंग, असं माझं मत आहे.

स्वीडनच्याच रॉय अँडरसनने ही जागा पकडली. त्याच्या २०१४ सालच्या सिनेमाची सुरुवातच मृत्यूशी झालेल्या तीन गाठींनी होते. त्यातल्या एकीत बोटीवरच्या उपाहारगृहात एक गिऱ्हाईक पैसे चुकते करून कोसळतं आणि मरतं. ताटात कोळंबीचं सँडविच आणि बिअर तशीच. काउंटरवरच्या बाईपुढे अडचण उभी राहते की पैसे तर घेतलेत, आता हे खाणं कोणाला द्यायचं? कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, संगीत सुचवत नाही. अँडरसनच्या सिनेमात दृश्यामागून दृश्य असं दुरून, एका चौकटीत दिसतं. माणसं फिकट चेहऱ्याची, बरीचशी हौशी. जवळून बघितलं तर रडू येईल आणि लांबून बघितलं तर हसू येईल, असं पूर्वापार समजलं जातं. त्याने लांबूनच दोन्ही करून दाखवलं. व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार या सिनेमाला मिळाला.

मराठीला हे जमण्यासारखं नाही असं कोणी म्हणू नये. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४ सालचं आहे. भाऊराव मरतात आणि कीर्तनाच्या थाटात स्वतःच्याच मरणाचं आख्यान लावतात, जुनी स्मशानभूमी बंद झाली तरी आपल्याला तिथेच जाळलं पाहिजे म्हणून अडून बसतात. प्रेतासमोर हसण्याचं धैर्य मराठी प्रेक्षकाने तेव्हाच दाखवलं होतं, अँडरसनच्या सिनेमाच्या चाळीस वर्षं आधी. मग ते नाटकातून पडद्यावर का आलं नाही? मला वाटतं, आमच्या विनोदाची वाटणी बहुतेक वेळा मध्यंतरावर झाली. आधी हसा, मग रडा. याचा एक फार मोठा आणि फार लाडका नमुना पु. ल. देशपांडे यांनीच घालून दिला होता: ‘बटाट्याची चाळ’ शेवटी ‘एक चिंतन’ करते, आणि तिथे हसणारा लेखक गंभीर होऊन चाळीला निरोप देतो. पुलंना ते साधलं, कारण त्यांचं हसणंही हळवंच होतं. त्यांच्यामागून आलेल्यांनी हळवेपणा तेवढा शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवला.

दुसरं कारण नटांच्या बाबतीतलं. आम्ही विनोद पटकथेच्या स्वाधीन करण्याऐवजी नटाच्या स्वाधीन केला. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांच्यासारखी माणसं हाताशी असताना कोण कशाला लिहीत बसेल? नट मोठे होते म्हणून लिखाण लहान राहिलं. स्वीडनमध्येही निल्स पॉपे हा असाच लोकांचा लाडका विनोदी नट होता. इंगमार बर्गमनने १९५७ साली ‘द सेव्हन्थ सील’मध्ये, साक्षात मृत्यू बुद्धिबळ खेळायला बसतो त्या सिनेमात, त्याला फिरत्या मंडळीतल्या विदूषकाचं काम दिलं; मृत्यूच्या हातून निसटतं ते त्याचंच कुटुंब. बेर्डेंनाही असा एक सिनेमा मिळाला होता. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२), पटकथा आणि संवाद पुलंचे. तमाशातला सोंगाड्या सत्तेच्या जवळ जाता जाता हसवणंच विसरतो, ही गोष्ट. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण प्रेक्षक फिरकला नाही. पॉपेचं नाव आज जगभर त्या एका भूमिकेमुळे निघतं. बेर्डेंचं निघतं ते ‘बनवाबनवी’तल्या साडीमुळे. याचा दोष मी बेर्डेंना देणार नाही, प्रेक्षकालाही अर्धाच देईन. उरलेला अर्धा त्या निर्मात्यांचा, ज्यांनी एका अपयशानंतर ते दार लावून घेतलं.

गेल्या काही वर्षांत दार किलकिलं झालं. उमेश कुलकर्णींच्या ‘वळू’ने (२००८) एका मोकाट बैलाभोवती अख्खं गाव उभं केलं, ‘देऊळ’ने (२०११) देवाच्या बाजारपेठेभोवती. राजेश मापुसकरांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये (२०१६) गजाकाका अतिदक्षता विभागात आहेत आणि गणपती तोंडावर आलेत. नातेवाइकांचा जमाव दवाखान्यात, आणि प्रत्येकाच्या मनात न बोललेला प्रश्न: काका आत्ताच गेले तर सुतक येणार, मग गणपतीचं काय? इतका मराठी, इतका निर्दय आणि इतका प्रेमळ प्रश्न पडद्यावर क्वचित आला असेल. या सिनेमात खुद्द आळेकरांनी काम केलंय, याला मी योगायोग मानत नाही. आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४): स्थिर, लांबून बघणारा कॅमेरा, हौशी नट, सफाई कामगाराच्या मृत्यूसाठी शाहिरावर चाललेला खटला, आणि त्याच खटल्यातली सरकारी वकील लोकलमध्ये ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई अशी केली की तिचा राग करायला आपल्याला वेळच मिळत नाही. अँडरसनशी नातं सांगणारा मराठी सिनेमा कुठला, असं कोणी विचारलं तर मी ‘कोर्ट’कडे बोट दाखवीन.

तरीही ‘वळू’ आणि ‘देऊळ’ गावात, ‘कोर्ट’ न्यायालयात, ‘व्हेंटिलेटर’ दवाखान्यात. सोसायटी पुन्हा राहिलीच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: चाळीत जीवन होतं, सामाईक गॅलरी होती, दारं उघडी होती, फ्लॅटमध्ये दार बंद, तिथे कसलं नाट्य? हा आक्षेप घेणाऱ्याने सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप वाचलेला नसावा. चाळीतली भांडणं संध्याकाळपर्यंत विरायची, इथली पुराव्यासकट जपली जातात. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्या, भाडेकरू ठेवला म्हणून लावलेलं बिनभोगवटा शुल्क, टँकरचे पैसे माणशी घ्यायचे की फ्लॅटमागे, लिफ्टचा खर्च तळमजल्याने का द्यायचा, बिल्डरने वीस वर्षांत न दिलेलं कन्व्हेअन्स, यातला प्रत्येक विषय समता, न्याय आणि मालकी यांविषयी आहे. जेवायला कोणाकडे कोण जातं, कोणाची मासळी कोणाला खपत नाही, कुठल्या आडनावाला घर भाड्याने मिळत नाही, तेही इथेच दिसतं. ओव्हेच्या शेजारी येणारी परवाने ही इराणी बाई आहे. सिनेमा तिच्यावर भाषण करत नाही, ती त्याच्याकडून गाडी चालवायला शिकते. आमच्याकडे परळचा माणूस, उत्तर भारतातून आलेला गाळ्यातला कारागीर, पिढ्यान्‌पिढ्या इथला असलेला आगरी, हे एकाच टँकरच्या रांगेत येतात, आणि कोणी त्याची पटकथा करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२५च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेत न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. आयुष्याची पुंजी घातलेली माणसं सामान घेऊन रस्त्यावर उभी राहिली. अशा ठिकाणी विनोद सुचवणं म्हणजे निर्लज्जपणा, असं कोणी म्हणालं तर मला राग येणार नाही. पण निव्वळ करुण सिनेमा या माणसांना फक्त बळी म्हणून दाखवेल, आणि ती तेवढीच नव्हती. ती हप्ते भरत होती, घरपट्टी भरत होती, गच्चीवर हळदीकुंकू करत होती, मेंटेनन्सवरून भांडत होती. जी इमारत कागदावर कायदेशीरच नव्हती, तिच्यातही शिस्तीचे फलक लागलेले असतात. हा विरोधाभास रडून दाखवता येत नाही. त्याला हसता येणारा लेखकच लागतो. अँडरसन आणि आळेकर यांच्या हसण्याची जात हीच आहे, त्यात पीडिताची टिंगल नसते.

अशा सिनेमासाठी लागणाऱ्या पैशाचं काय? स्वीडनने १९६३ साली करमणूक कर रद्द करून तिकिटामागे दहा टक्के रक्कम नव्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे वळवली आणि त्यातून दर्जेदार सिनेमा पोसला. महाराष्ट्राच्या अनुदानाचा भर तयार झालेल्या चित्रपटावर. चांगली पटकथा लिहीपर्यंत लेखकाने कशावर जगायचं, हा प्रश्न तसाच राहतो. पण सगळंच पैशावर ढकलू नये. अँडरसनचा १९७५ सालचा सिनेमा आपटला आणि पुढचा लांबीचा चित्रपट करायला त्याला २००० साल उजाडलं. मधली पंचवीस वर्षं तो जाहिराती करून जगला, त्या पैशांतून स्टॉकहोममध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि आतच रस्ते, दारूचे गुत्ते, स्टेशनं बांधून सिनेमे केले. असा बंदिस्त स्टुडिओ करायला लागणारी वस्तू, म्हणजे उंच छताचा गाळा, गोखिवरे, वालीव, सातिवलीत पैशाला पासरी आहे. सुतार आहेत, वेल्डर आहेत, रंगारी आहेत. नायगावला मालिकांचे सेट लागतात, आणि त्यात काम करणारे प्रकाशयोजनेचे, वेशभूषेचे, ध्वनीचे कितीतरी लोक रात्रीच्या विरार लोकलने इकडेच झोपायला येतात.

आमचा गाव कॅमेऱ्याला नवीन नाही. वसईच्या किल्ल्यात इतकी गाणी चित्रित झाली की त्या भिंतींना हिशेब नसेल. कोल्डप्लेसुद्धा २०१६च्या एका गाण्यासाठी तिथे येऊन गेले. पण त्या गाण्यांत तो किल्ला कधीच वसईचा नसतो. त्याच किल्ल्यात २०२४च्या मार्चअखेरीस बिबट्या शिरला. कित्येक दिवस तो वनखात्याच्या पिंजऱ्याला हुलकावणी देत होता, कोळीवाडे जीव मुठीत धरून होते, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे दोन गट पडले होते, आणि एप्रिलमध्ये तो अखेर पकडला गेला. ‘वळू’ पाहिलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटलं असेल ते सांगायला नको. आम्हाला शहरी ‘वळू’ आयता मिळाला होता.

तेव्हा रात्री शूटिंग संपवून वसईला परतणाऱ्या माझ्या लेखक-दिग्दर्शक शेजाऱ्यांना एकच विनंती. पुढचा सिनेमा कोकणातल्या वाड्यात किंवा पाडलेल्या चाळीच्या आठवणीत नेण्याआधी आपल्या सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त एकदा पहिल्या पानापासून वाचा. सेक्रेटरी कुरकुर करेल. त्याला नम्रपणे सांगा की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे ती वही बघण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.